कापसाच्या मुलखातला कॅप्टन

नोव्हेंबरातली गोष्ट. पारोळ्याच्या अलीकडे एका जिनिंगच्या फाटकाबाहेर आमची ट्रॉली उभी होती आणि पुढे अजून पंधरा-सोळा ट्रॉल्या. भाव सकाळी एक, दुपारी एक. काट्यावर चढेपर्यंत तो आणखी शे-दीडशेनं उतरू नये, एवढीच आस. भाचा मोबाईलवर रील बघत बसला होता. लाल टोपी, लष्करी गणवेश, मागे ढोलाचा ठेका आणि हिंदीतला घोगरा आवाज: या पठ्ठ्यानं गोऱ्यांना कसं हाकललं वगैरे.

"मामा, हा कोण?"

म्हटलं, हा इब्राहिम त्राओरे. बुर्किना फासो नावाचा देश आहे, तिथं २०२२ साली लष्करी उठाव करून सत्तेवर आला. पण मधूनच तो दुसरा चेहरा येतो ना, जुन्या फोटोतला, गालात हसणारा, तो बघ. लोकांना याच्यात तो दिसतो, म्हणून याचे रील चालतात. तो थॉमस सांकारा, याच देशाचा १९८३ ते १९८७ चा राष्ट्राध्यक्ष.

शेजारच्या ट्रॉलीवर उपरणं डोक्याला गुंडाळून बसलेल्या आबांनी कान टवकारले. "तठे काय पिकस?"

"कापूस, आबा."

"कापूस?" आबा सावरून बसले. "मंग भाव कोन ठरावस?"

रांग हलायला दोन तास होते. त्या दोन तासांत जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं, तेच इथं जरा नीट लावून लिहितो आहे. रीलमध्ये सांकारा एक तर देव असतो किंवा हुतात्मा. सत्तेवरची त्याची चार वर्षं मात्र दोन्हींपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहेत.

आधी मुलूख समजून घेऊ

बुर्किना फासो पश्चिम आफ्रिकेत आहे. आकारानं महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान. सहा देशांनी वेढलेला, समुद्र कुठूनच नाही. उत्तरेकडून वाळवंट सरकत येतं. पाऊस साधारण जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने आकाश कोरडं. ज्वारी, बाजरी आणि कापूस. ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट घाटा करून कालवणाशी खातात. आपल्याकडचा माणूस डोळे बांधून तिथल्या शेतात नेऊन सोडला, तर झाडांवरून त्याला जरा वेगळं वाटेल, पण पायाखालचं शेत ओळखीचं वाटेल.

फ्रेंचांच्या राज्यात या भागाचं नाव होतं अप्पर व्होल्टा. फ्रेंचांना तिथून दोनच गोष्टी हव्या होत्या, कापूस आणि मजूर. १९२० च्या दशकात शेतकऱ्यांवर कापसाची सक्ती झाली. पुढे १९३२ साली तर सरकारनं ही वसाहतच मोडली आणि तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना वाटून टाकले. मोठा तुकडा आयव्हरी कोस्टला गेला, कारण तिथल्या कॉफी-कोकोच्या मळ्यांना माणसं पाहिजे होती. १९४७ साली वसाहत पुन्हा जोडली, १९६० साली देश स्वतंत्र झाला, पण मजुरांची वाट तीच राहिली. नंदुरबारकडची कुटुंबं दिवाळी झाली की बोचकी बांधून ऊसतोडीला गुजरातेत जातात, तशी तिथली तरणी पोरं दक्षिणेला जायची. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर घरं चालायची. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कापसाचंही तसंच. पिकवायचा तिथं, सरकी काढायची तिथं, आणि रुईच्या गाठी बांधून बाहेर पाठवायच्या. सूत, कापड, शिलाई, सगळा नफा बाहेर. आपल्याकडे निदान काही काळ जळगावला, अमळनेरला, धुळ्याला, चाळीसगावला मिलचे भोंगे वाजत होते. खान्देशचा कापूस खान्देशात विणला जात होता. आता आपल्याकडेही गाठ बांधली की ट्रक निघतो.

पोरगा कुठून आला

सांकाराचा जन्म २१ डिसेंबर १९४९ चा, याको गावचा. वडील फ्रेंचांच्या लष्करी पोलिसात. घरच्यांना वाटत होतं पोरानं पाद्री व्हावं, तो गेला सैन्यात. अधिकारी होण्याचं शिक्षण मादागास्करला घेतलं आणि तिथंच १९७२ साली त्यानं विद्यार्थ्यांचा आणि कामगारांचा उठाव डोळ्यांनी पाहिला, सरकार कोसळताना पाहिलं. मार्क्स वाचला. गिटार वाजवायचा, बँडमध्येही होता. १९७४ साली मालीशी सीमेवर चकमक झाली, त्यात नाव कमावलं. नंतर तोच म्हणायचा की ती लढाई निरर्थक होती.

१९७६ च्या सुमारास मोरोक्कोत प्रशिक्षणाला असताना त्याला एक दोस्त भेटला, ब्लेझ काँपाओरे. दोस्तीही कशी, तर काँपाओरे सांकाराच्या घरी जेवायला, सांकाराच्या आईवडिलांनी त्याला पोरासारखं मानलेलं. राजधानी वागाडुगूच्या दक्षिणेला पो नावाच्या गावी कमांडोंची छावणी होती. सांकारा तिथला प्रमुख होता. पुढे ती काँपाओरेकडे आली. ही छावणीही लक्षात ठेवा. जी जीप पोच्या छावणीतून निघाली तिनंच सांकाराला गादीवर बसवलं, आणि शेवटी त्याच्या दारात आलेल्या गाडीतली माणसंही काँपाओरेच्याच पहाऱ्यातली होती.

त्या देशात सरकार बदलायची पद्धत साधी होती. १९६६ ला कामगार संघटनांनी रस्त्यावर येऊन पहिल्या अध्यक्षाला घालवलं आणि सैन्य आलं. १९८० ला एका कर्नलनं त्या सैन्याला घालवलं. १९८२ ला त्या कर्नलला दुसऱ्यांनी. मधल्या काळात सांकारा माहिती खात्याचा मंत्री होता. सायकलवर मंत्रिमंडळाच्या बैठकीला जायचा. सरकार वर्तमानपत्रांची आणि संघटनांची तोंडं दाबायला लागलं, तेव्हा त्यानं राजीनामा दिला. लोकांचा आवाज बंद करणाऱ्यांचं वाईट होईल, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा ठिकाणी म्हणूनच तो बाहेर पडला. हे वाक्य त्याच्याविरुद्ध कधी वापरता येईल, असं त्याला तेव्हा वाटलं नसणार.

जानेवारी १९८३ मध्ये तो पंतप्रधान झाला. त्याच मार्चमध्ये दिल्लीला अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली होती, इंदिरा गांधी अध्यक्ष होत्या, क्युबाचे फिडेल कॅस्ट्रो आले होते. तिथं हा तेहतीस वर्षांचा कॅप्टनही होता. कॅस्ट्रोंशी त्याचं सूत जुळलं ते तिथं. पॅरिसला हे अर्थातच रुचलं नाही. १७ मे ला फ्रान्सच्या अध्यक्षांचे आफ्रिकाविषयक सल्लागार वागाडुगूत असतानाच सांकाराला अटक झाली. शहरातली पोरं रस्त्यावर आली. काँपाओरे पोच्या छावणीत अडून बसला, आणि ४ ऑगस्ट १९८३ ला कमांडो घेऊन राजधानीत शिरला. त्या रात्री रेडिओवर जो बोलला तो सांकारा होता.

थोडक्यात, लोकांना तो हवा होता हे खरं, पण त्याला आणलं बंदुकीनं. मतपेटी यात कुठंच नव्हती.

चार वर्षं

वर्षभरानं, ४ ऑगस्ट १९८४ ला, देशाचं नावच बदललं. 'बुर्किना' हा मोरे भाषेतला शब्द, अर्थ सच्चेपणा, इमान. 'फासो' जुला भाषेतला, अर्थ बापाचं घर. इमानी माणसांचं घर. आणि तिथल्या माणसाला म्हणायचं 'बुर्किनाबे', त्यातलं शेवटचं अक्षर तिसऱ्याच भाषेतलं, फुलानी लोकांच्या. एका नावात तीन भाषा बसवल्या. आपल्याकडे जिल्ह्याचं नाव बदलायला किती वर्षं जातात, ते आठवून बघा.

सरकारी मर्सिडीज गाड्या विकल्या. मंत्र्यांनी रेनो ५ वापरायची, तिथली सगळ्यात स्वस्त गाडी. स्वतःच्या ऑफिसात एसी नको म्हणाला, कारण तो चैनीचा भाग मोजक्यांनाच मिळतो. कॅप्टनचा जनरल झाला नाही, शेवटपर्यंत कॅप्टनच राहिला. मालमत्ता जाहीर केली त्यात जुनी गाडी, सायकली, गिटारी असलंच सामान निघालं. या गोष्टी रीलमध्ये असतात आणि त्या खऱ्या आहेत.

१९८४ च्या शेवटी दोन आठवड्यांच्या आसपास एवढ्याच काळात २५ लाख पोरांना गोवर, मेंदूज्वर आणि पीतज्वराच्या लशी टोचल्या. ज्या देशाची लोकसंख्या ८० लाखांच्या आत होती, त्या देशात. शेजारच्या देशांतून आया पोरं काखेला मारून सीमा ओलांडून आल्या. लाखोंनी झाडं लावली, कारण वाळवंट सरकत होतं. लग्न, बारसं, काही असलं तरी झाड लावायचं. वागाडुगूपासून कायाकडे रेल्वेचे रूळ हातांनी टाकले, शंभरेक किलोमीटर. परदेशी बँका पैसे देईनात म्हणून सरकारी बाबूंनाही रूळ उचलायला नेलं. डोक्यावरचा कर रद्द केला. सरदारांना फुकट राबून द्यायची वेठ बंद केली.

बायकांच्या बाबतीत तो काळाच्या फार पुढे होता. मुलींची सुंता, जबरदस्तीचं लग्न यांच्या विरोधात सरकार उभं केलं, बायकांना मंत्री केलं, मोटारसायकलवरची महिलांची पहारा तुकडी उभारली. १९८४ मध्ये एक दिवस ठरवून पुरुषांना बाजाराला पाठवलं. पिशवी घ्या, भाव करा, घरी येऊन शिजवा, म्हणजे बाईला रोज काय करावं लागतं ते कळेल. हे ऐकून आबा एवढे हसले की पुढच्या ट्रॉलीवाल्यानं मागं वळून पाहिलं.

आता कापड. हीच गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते.

तिथं हातमागावर वीतभर रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या विणतात. निळ्या-पांढऱ्या, काळ्या-पांढऱ्या रेघांच्या. मग पट्टीला पट्टी शिवून कापड करतात. जाडसर, अंगाला जरा टोचणारं, धुवून मऊ होणारं. त्याला म्हणतात फासो दान फानी, म्हणजे आपल्या देशाचं विणलेलं कापड. सांकारानं फर्मान काढलं की सरकारी नोकरानं कामावर हेच घालायचं. हिशोब सरळ होता. नोकरदारांच्या अंगावर हे कापड आलं तर मागावर बसलेल्या बाईला रोज काम, मागाला सूत लागणार, सुताला रुई लागणार, आणि रुईच्या गाठीतला निदान थोडा भाग तरी देशात थांबणार.

आपल्याला हे नवं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक सामानातून मंडप सजवलेला, आणि जिकडेतिकडे खादी. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापडाचं राजकारण कसं होतं, हे आपल्या पणजोबांनी पाहिलेलं आहे. फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. खादी घाला म्हणून सांगणाऱ्यांच्या हातात तेव्हा सरकार नव्हतं. पटवून द्यावं लागायचं. सांकाराच्या हातात सरकार होतं.

मग काय झालं? बाबू लोकांनी फासो दान फानीचा एक सदरा शिवून ऑफिसच्या कपाटात टांगून ठेवला. रोजचे कपडे आपले नेहमीचेच. कॅप्टन अचानक तपासणीला यायचा, त्याची गाडी दिसली की धावाधाव, जुने कपडे आत, दान फानी अंगावर. त्या सदऱ्याला नावच पडलं, 'सांकारा आला!'

एवढ्या एका सदऱ्यात पुढचं सगळं आहे.

दारं बंद होत गेली

सांकाराला घाई होती. देश एवढा मागे पडलेला, की घाई असणं समजण्यासारखंच आहे. पण घाईत त्याला मधे बोलणारा माणूस नकोसा होऊ लागला.

मार्च १९८४ मध्ये शिक्षकांनी संप केला. सरकारनं हजाराहून जास्त शिक्षक एका फटक्यात काढून टाकले. त्यांच्या जागी घाईघाईनं शिकवून तयार केलेली पोरं वर्गात उभी केली. ज्या देशात शंभरात मोजकीच माणसं वाचू शकत होती तिथं हजारावर शिक्षक घरी बसवणं म्हणजे काय, हे मास्तरांच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. त्याच वर्षी सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घातल्या.

गावोगावी 'क्रांती संरक्षण समित्या' झाल्या. कल्पना अशी की जुन्या सरदारांऐवजी गावानं स्वतःचा कारभार करावा. पण बऱ्याच ठिकाणी काय झालं, तर विशीतल्या पोरांच्या हातात बंदूक आणि शिक्का आला. जुनी भांडणं निघाली, उगाच नाकाबंद्या झाल्या. सांकारानं स्वतः त्यांच्यावर टीका केली, पण तोवर समिती म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायला लागला होता.

लोकन्यायालयं काढली. भ्रष्ट अधिकाऱ्यांचे खटले, तेही रेडिओवर, सगळ्या देशानं ऐकायचे. सुरुवातीला लोक रेडिओला कान लावून बसायचे. साहेब घाम पुसत हिशोब देताहेत, हे ऐकायची मजा काही वेगळीच असणार. पण आरोपीला वकील नव्हता. आपण निर्दोष आहोत हे त्यानंच सिद्ध करायचं.

मोसी लोकांचा राजा, ज्याला मोरो नाबा म्हणतात, त्याचं वीजबिल थकलं म्हणून त्याच्या वाड्याची वीज तोडली. पेपरात छापायला झकास बातमी. पण देशातला सगळ्यात मोठा समाज त्या वाड्याकडे बघून चालत होता. आपल्याकडे एखाद्या जुन्या गढीची वीज तोडली तर गावातली गरीब माणसंसुद्धा 'बरं झालं' म्हणून टाळ्या वाजवतात, आणि रात्री घरी जाऊन हळहळतात.

म्हणजे हिशोब मांडा. शिक्षक दुखावले. कामगार संघटना, ज्यांनी १९६६ ला सरकार पाडलं होतं, त्या दुखावल्या. पगार कापले म्हणून नोकरदार दुखावले. सरदार दुखावले. सुरुवातीला बरोबर असलेल्या डाव्या पक्षांतला एक १९८४ मध्येच सरकारबाहेर पडला, बाकीचे आपसात भांडत बसले. फायदा झाला तो खेड्यातल्या शेतकऱ्याचा, बायकांचा, लहान पोरांचा. पण त्यांच्याकडे ना संघटना, ना मत, ना बंदूक.

बाहेरचे शत्रू तर होतेच. आयव्हरी कोस्टचे म्हातारे अध्यक्ष हुफ्वे-ब्वान्यी हे फ्रान्सचे जुने मित्र. त्यांच्या मळ्यांत बुर्किनाचे लाखो मजूर, बुर्किनाचा माल त्यांच्याच बंदरातून रेल्वेनं जाणार. सांकाराची गाणी त्या मजुरांच्या ओठांवर आली तर मळ्यांचं काय होणार, ही भीती होती. काँपाओरेनं १९८५ मध्ये त्याच देशातल्या मुलीशी लग्न केलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ वागाडुगूला आले, तेव्हा मेजवानीतच सांकारानं त्यांना तोंडावर सुनावलं: दक्षिण आफ्रिकेच्या वंशवादी सरकारच्या प्रमुखाला तुम्ही फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवू देता कसे? पाहुण्याला जेवायला बोलावून एवढं बोलणं आपल्याकडेही कोणी केलं नसतं. फ्रान्सचा त्याच्या मृत्यूत नेमका हात किती, यावर आजही वाद आहे. पण त्याच्या जाण्यानं पॅरिसला दुःख झालं नाही, एवढं नक्की.

कर्जाची गोष्ट आबांना सांगायला सोपी गेली. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करत राहायचं, मुद्दल जागच्या जागी, व्याजावर व्याज. आफ्रिकेतल्या देशांचं तसंच झालं होतं. जुन्या मालकांनी जाताना आणि गेल्यावर कर्ज दिलं, आता हप्ता फेडायला शाळा-दवाखान्याचे पैसे काढा म्हणत होते. २९ जुलै १९८७ ला इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा इथं आफ्रिकी देशांच्या प्रमुखांसमोर सांकारा उभा राहिला. म्हणाला, हे कर्ज आपण फेडायचं नाही. नाही फेडलं तर सावकार मरणार नाही, फेडलं तर आपण मरू. पण सगळ्यांनी मिळून नाही म्हणायला हवं. एकटा बुर्किना नाही म्हणाला तर पुढच्या परिषदेला मी इथं नसेन. शेवटी त्यानं स्वतःचे आणि आपल्या माणसांचे कपडे दाखवले: हा कापूस आमच्याकडे पिकला, आमच्याकडे विणला, आमच्याकडे शिवला.

आपण फार पुढे पळालो आणि माणसं मागे राहिली, हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये क्रांतीच्या चौथ्या वाढदिवसाला तो म्हणाला की लोकांना सोडून शंभर पावलं टाकण्यापेक्षा लोकांबरोबर एक पाऊल बरं. काढलेल्या शिक्षकांना परत घ्यायच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. उशीर झाला होता.

१५ ऑक्टोबर १९८७

गुरुवार होता. गुरुवारी संध्याकाळी सगळ्या सरकारी कचेऱ्यांत सामुदायिक व्यायाम असायचा, हाही त्याचाच नियम. म्हणून दुपारी साडेचारच्या सुमारास जवळच्या माणसांबरोबर बैठकीला बसलेला राष्ट्राध्यक्ष खेळाच्या कपड्यांत होता. बाहेर गाड्या थांबल्या, गोळ्यांचा आवाज आला. त्या खोलीतून जिवंत सुटलेल्या एकानं नंतर सांगितलं, की सांकारा उठला, म्हणाला त्यांना मी पाहिजे आहे, आणि हात वर करून बाहेर गेला. दारातच मारला. मग बाकीचे. तो धरून तेरा जण. वय सदतीस.

रात्रीतून पुरले, शहराच्या कडेच्या कबरस्तानात. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, 'नैसर्गिक मृत्यू'.

सत्तेवर बसला तो दोस्त, ब्लेझ काँपाओरे. आपण त्या वेळी घरी आजारी होतो, असं त्याचं म्हणणं. ४ ऑगस्टच्या क्रांतीतले आणखी दोन साथीदार, लिंगानी आणि झोंगो, सुरुवातीला त्याच्याबरोबर राहिले. १९८९ मध्ये त्यानं त्यांनाही गोळ्या घातल्या. चारांतला एकटा उरला आणि सत्तावीस वर्षं टिकला.

इथं आबांनी मधेच जे विचारलं, ते रील बघणाऱ्या कोणी कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मंग लोके कोठे व्हतात?"

पोरांना लशी टोचून घेतलेल्या आया कुठं होत्या? वेठ सुटलेले शेतकरी? १९८३ मध्ये तो अटकेत होता तेव्हा रस्त्यावर आलेली ती पोरं?

लोक रडले. त्या साध्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी रांगा लागल्या, कागदावर निरोप लिहून ठेवले गेले. पण लढायला कोणी उतरलं नाही, कारण उतरायचं कुठून? मोर्चा काढतात त्या संघटना त्यानंच मोडल्या होत्या. निवडणूक नव्हती. कोणी पक्ष नव्हता. वर्तमानपत्र सरकारचं. राज्य उभं होतं ते चार अधिकाऱ्यांच्या मैत्रीवर आणि एका छावणीवर. मैत्री फाटली, छावणी फिरली, खेळ संपला. काँपाओरे माझ्याविरुद्ध उठला असं कळलं तर त्याला थांबवायला जाऊ नका, तोवर उशीर झालेला असेल, असं सांकाराच म्हणायचा, असं सांगतात. ज्याला एवढं दिसत होतं त्यानं दुसरा खांब का उभारला नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आबा काही बोलले नाहीत. तंबाखू मळत राहिले.

नंतरचं थोडक्यात. ऑक्टोबर २०१४ मध्ये काँपाओरे घटना बदलून पुन्हा उभं राहायच्या तयारीत होता. या वेळी लोक उतरले. संसद पेटवली, दुसऱ्या दिवशी तो पळाला, आयव्हरी कोस्टला. २०१५ मध्ये सांकाराची कबर उकरली. एप्रिल २०२२ मध्ये वागाडुगूच्या लष्करी न्यायालयानं सांकाराच्या खुनाच्या खटल्यात काँपाओरेला गैरहजेरीत जन्मठेप दिली. खटल्याला तो आलाच नाही.

आणि आबांचा पहिला प्रश्न, भावाचा? बुर्किनाचा बहुतेक कापूस आजही गाठी बांधून बाहेरच जातो. २००८ पासून त्यांनी आपल्यासारखंच बीटी बियाणं लावलं होतं. बोंडअळी आटोक्यात आली, पण धागा आखूड निघायला लागला. बाजारात आखूड धाग्याला किंमत कमी. मग काही वर्षांत त्यांनी ते बियाणं सोडून दिलं. "आपला धागा?" आबांनी विचारलं. तेवढ्यात पुढच्या ट्रॉलीचं इंजिन सुरू झालं.

भाच्यानं दरम्यान अदिस अबाबाचं ते भाषण शोधून काढलं होतं. ढोल नाही, हिंदी आवाज नाही. जुनाट, पुसट चित्र, फ्रेंच बोलणं, आम्हा तिघांना एक अक्षर कळत नव्हतं. पण पुढच्या परिषदेला मी नसेन, हे तो कुठं म्हणतो ते मी दाखवलं. तिथं सभागृहातले सगळे राष्ट्रप्रमुख हसतात. चांगलं मोकळं हसू आहे, एखाद्यानं बैठकीत मजेशीर बोलावं तसं. भाच्यानं ते मागं नेऊन पुन्हा लावलं. मग फाटकावरच्या माणसानं शिट्टी मारली आणि आमचा नंबर लागला.